झांबरे मॅडमची रांग

आमच्या शाळेत नवा माणूस आला आणि त्यानं मैदानाकडे पाहिलं, की त्याला वाटायचं इथे पी.टी.चा तास चाललाय. पोरं रांगेत उभी, एक उंच, काटक बाई कमरेला पदर खोचून शिट्टी वाजवतेय, आणि शिट्टी झाली की रांगेच्या शेवटी उभा असलेला पोरगा जिवाच्या आकांतानं पुढे पळतोय. मग कोणी तरी त्याला सांगायचं, की अहो, हा दहावीचा इंग्रजीचा तास आहे. नवा माणूस हसायचा. झांबरे मॅडमना त्या हसण्याचं काही वाटायचं नाही. फार तर त्या माणसालाच हाताला धरून रांगेत उभं करायच्या.

शाळेचं नाव लिहीत नाही. धामणगाव बढ्याच्या अलीकडचं एक गाव, एवढं पुरे. मी तिथे मराठी शिकवतो. मॅडम इंग्रजी शिकवायच्या, नांदुऱ्याहून रोज एसटीनं यायच्या, आणि मला कधी नावानं हाक मारायच्या नाहीत. "काय शुद्धलेखन, चहा घेता काय?" असं म्हणायच्या. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे पुढे त्या रजेवर असल्या की ती हाक ऐकू न आल्यानं चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्यांची रांग नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा तमाशा त्या रांगेवरूनच झाला. आधी वाक्य घ्यायचं ते पोरांच्या तोंडातलं. समजा, 'मी बसची वाट पाह्यतो.' एक पोरगा 'मी', दुसरा 'बस', तिसरा 'ची' आणि शेवटी 'वाट पाह्यतो' म्हणून एखादी दणकट पोरगी. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी बसतं. शिट्टी वाजली की ती पोरगी शेवटून पळत यायची आणि 'मी'च्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची. 'बस'च्या मागे उभा असलेला 'ची' टुणकन उडी मारून त्याच्या पुढे यायचा. त्यांच्या फटीत 'द' नावाचा एक बारका पोरगा घुसायचा. मग एकेकानं आपलं नवं नाव ओरडायचं. आय! वेट! फॉर! द! बस!

"आपला 'ले' माणसाच्या मांगं चालते," मॅडम सांगायच्या (हा 'ले' म्हणजे पुस्तकातला 'ला'), "त्याईचा 'टू' माणसाच्या पुढं चालते. आपलं क्रियापद सगळ्यात मांगून येते, त्याईचं कर्त्याच्या बाजूले जाऊन बसते. एवढंच इंग्रजी हाय. बाकी पाठांतर."

बाकी पाठांतर म्हणजे जोड्या. जूनमध्ये प्रत्येक पोराला वर्षभरासाठी एक शब्द मिळायचा. 'लिसन'ला 'टू', 'लुक'ला 'अ‍ॅट', 'डिपेंड'ला 'ऑन'. आपल्या जोडीदाराला सोडून 'लिसन' वर्गाबाहेर जाऊ शकत नसे, पाणी प्यायलासुद्धा नाही. पोळ्याची सुट्टी संपली की मॅडम शाळेच्या फाटकाला तोरण बांधायच्या आणि जोड्या त्याखालून न्यायच्या. गळ्यात झेंडूच्या माळा, खांद्यावर कोणाच्या तरी घरचं जुनं जू. चुकीची जोडी आली की तोरण खाली. काही शब्द असे, की त्यांना जोडीदार लागतच नाही. 'डिस्कस', 'रीच', 'एन्टर'. हे मोकळे सांड. शिंगं रंगवून एकेकटे मिरवायचे, आणि ते नाव मिळावं म्हणून पोरांची भांडणं व्हायची.

'मॅरी', म्हणजे लग्न करणं, हाही असाच बिनजोडीचा, पण तो मात्र कोणी घ्यायला तयार नसे. पोरी लाजायच्या, पोरं फिदीफिदी हसायची. शेवटी मॅडमनी तो शब्द स्वतःकडे ठेवला. त्यांनी लग्न केलं नव्हतं. "राहू द्या माह्याजवळ," म्हणाल्या, "थोही एकटा, मीही एकटी." आणि खरंच गळ्यात माळ घालून तोरणाखालून ऐटीत चालत गेल्या. आमचे हेडसर तोंडावर हात ठेवून ऑफिसात निघून गेले.

गावात आजही त्या नावांनी हाका मारतात. आमच्याकडचा पिठाच्या गिरणीवाला 'लाफ' आहे आणि त्याचा 'अ‍ॅट' खामगावला एका जिनिंगमध्ये कामाला आहे. तो दिवाळीला आला की गिरणी बंद.

मॅडमच्या स्वभावाची एक गोष्ट मलकापूरच्या एका मास्तरानं मला सांगितली. पुण्याला इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. सगळ्यांनी उठून बोलायचं. मॅडम बोलल्या. वाक्यं अचूक, पण उच्चार आमच्या मातीतले. मार्गदर्शक बाई गोड हसून म्हणाल्या, "छान, पण तुमच्या इंग्रजीला जरा गावाकडचा वास येतो, नाही का?" मॅडम खाली बसल्या नाहीत. म्हणाल्या, "येते ना. माह्यी इंग्रजी सरळ गाडीनं वऱ्हाडात आली. मधात पुन्याले उतरली नाही." ही गोष्ट खरी का, असं मी त्यांना विचारलं. "अर्धी," म्हणाल्या. "दुसऱ्या अर्ध्यात मी लय वाईट बोलली होती, थे त्यानं तुमाले सांगतलं नाही."

त्या चिडायच्या एकाच गोष्टीवर. पोरगं गप्प बसलं की. चुकलं तर चालेल, वाक्याची रांग वाकडीतिकडी झाली तरी चालेल, पण घुम्यासारखं बसायचं नाही. "तोंड उघड बे! चुकशील त मी हाय नं दुरुस्त कराले. मुका राह्यला त देवही काय दुरुस्त करीन?" असं म्हणत त्या बाकाबाकांमधून फिरायच्या. त्यामुळे आमच्या शाळेत एक चमत्कारिक गोष्ट झाली. माझ्या मराठीच्या तासाला माना खाली घालून बसणारी पोरं इंग्रजीच्या तासाला भांडायची. मला याचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो.

मॅडमच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. जी पोरं दहावीत आली होती, ती आठवीपासून त्यांच्याच हाताखालची. ही शेवटची बॅच. "एवढी बॅच पास व्हावी म्हणून नाही म्हणत," मला एकदा चहाच्या टपरीवर म्हणाल्या, "पन ह्या पोरायले बोलताना मले पाह्याचं हाय. बिनाशिट्टीचं." तेवढीच त्यांची इच्छा होती. आणि नेमकी त्याच वर्षी आबासाहेबांना इंग्रजीची उबळ आली.

आबासाहेब आमच्या संस्थेचे सचिव. माणूस तसा वाईट नाही, पण शहरातल्या कोणत्या तरी शाळेत त्यांनी भिंतीएवढा पडदा पाहिला, त्यावर एक गोरी बाई बोलत होती, आणि ती बाई त्यांच्या डोक्यात बसली. महिन्याभरात आमच्या दहावीच्या वर्गात तसाच पडदा आला. पोरांनी हाताची घडी घालून ऐकायचं, बाई थांबली की तिच्यामागून म्हणायचं. पडदा चालवायला बोरसे सर नावाचे एक तरुण, लाजरे शिक्षणसेवक नेमले. आणि वर हुकूम निघाला, की इंग्रजीच्या तासाला वऱ्हाडी शब्द ऐकू येता कामा नये.

आबासाहेब स्वतः स्टाफरूममध्ये आले. आम्ही सगळे उभे राहिलो. मॅडम पानाच्या डबीतली बडीशेप खात बसल्या होत्या, त्या बसूनच राहिल्या.

"मॅडम, हे वऱ्हाडी बंद करा आता," आबासाहेब म्हणाले. "पोरायची इंग्रजी खराब होऊन राह्यली."

"तुमी कोनत्या भाषेत सांगून राह्यले आबासाहेब?"

कोणी तरी खोकलं. आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. "माह्यं सोडा. निदान शुद्ध मराठीत त शिकवा."

"पोरायच्या तोंडात 'ले' हाय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "रांग तिथूनच सुरू होते. मी 'ला' कुठून आणू? थो शुद्धलेखनाच्या कपाटात हाय." आणि माझ्याकडे बोट केलं. मराठीचा मास्तर म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, त्या बाईचं बरोबर होतं. पोरगं जिथं उभं आहे तिथूनच त्याला चालवता येतं. आणि ते जिथं उभं आहे, त्या जागेची लाज त्याला वाटायला लावली, तर ते चालतच नाही.

दुसऱ्या दिवशी दहावी गेली. मॅडमना पाचवी दिली आणि वर पोषण आहाराची खिचडी चाखायचं काम. हेडसरांनी ते मान खाली घालून सांगितलं. मॅडमनी विचारलं, "खिचडीत वऱ्हाडी चालन नं?" आणि पाचवीच्या वर्गाकडे निघून गेल्या. मला वाटलं होतं भांडतील, निदान रडतील. त्यांनी दिवसभर पाचवी शिकवली, खिचडीत मीठ कमी आहे म्हणून स्वयंपाकीण बाईंशी वाद घातला, आणि पाच वाजता पिशवी उचलून बसस्टॉपवर गेल्या.

आमचा बसस्टॉप म्हणजे शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, एसटीचा पत्र्याचा निवारा आणि बाजूला चहाची टपरी. दहावीतली निम्मी पोरं आसपासच्या खेड्यांतली. शाळा सुटली की ती तिथे उभी राहतात, आणि गाडी वेळेवर आली असं सहसा होत नाही. त्या दिवशी मी टपरीवर बसलो होतो. मॅडमनी पिशवी बाकावर ठेवली, पदर खोचला आणि शिट्टी काढली.

"चला. रांग."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग शीतल नावाची एक पोरगी, तिचा शब्द होता 'वेट', ती पुढे आली. मग तिचा 'फॉर' आला. गाडी येईपर्यंत दहा-बारा वाक्यं झाली. गावातली पोरंही दप्तर घरी टाकून परत यायला लागली. आठवडाभरात दहावीचा सगळा वर्ग संध्याकाळी निवाऱ्यात. तिथे माणसं कमी पडली तर बाजाराहून परतणाऱ्या बायकांनासुद्धा मॅडम सोडत नसत. एका म्हातारीला त्यांनी टोपलीसकट 'मार्केट' म्हणून उभं केलं. ती शेवटपर्यंत विचारत होती, "मी काऊन उभी हाय वं माय?" पण जागा सोडून हलली नाही. एसटीचा एक ड्रायव्हर तर असा नादाला लागला, की वाक्य अर्धवट असेल तर इंजिन बंद करून स्टिअरिंगवर कोपरं टेकवून बघत बसायचा.

हेडसर रस्ता ओलांडून आले. "मॅडम, हे नियमात बसत नाही."

"सर, हा निवारा महामंडळाचा हाय. तुमचा नियम गेटावर ठेवून या, मंग बसा. चहा सांगतो."

हेडसर बसले नाहीत, पण चहा घेऊन गेले.

आबासाहेबांना मात्र हे सहन होईना. त्यांनी पालकसभेत उभं राहून सांगितलं, की इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे वीस मार्क शाळेच्या हातात असतात, ज्यांना बसस्टॉपवर उभं राहायची हौस आहे त्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मला त्या माणसाचा तेव्हा जितका राग आला तितका कधीच आला नाही. पडदा लावला, ठीक आहे. दहावी काढून घेतली, तेही त्यांच्या अधिकारात. पण पोरांच्या मार्कांवर हात ठेवून आईबापांना घाबरवणं हा हलकटपणा होता, आणि तो शब्द मी विचार करूनच लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी निवारा अर्धा रिकामा. मॅडमनी कोणालाही बोलावणं पाठवलं नाही. आहेत तेवढ्या पोरांची रांग लावली. जागा रिकाम्या पडत होत्या, मधले शब्द नव्हते, वाक्यं खुडल्यासारखी होत होती.

शीतलही आली नव्हती. तिची आई आली. शेतातून थेट, विळा हातातच. "मॅडम, पोरीचे मार्क कापले त?"

मॅडमनी तिला बाकावर बसवलं. "शीतलची आई, मी खोटं नाही सांगत. कापू शकतात. मार्क द्याचं माह्या हातात नाही. मी फक्त तिले बोलाले शिकवू शकतो."

त्या बाईनं विळा बाकाखाली सरकवला. मग म्हणाली, "ब्यांकेत गेली का मी मुकी. दवाखान्यात गेली का मी मुकी. तिथं मले कोनं मार्क देल्ले? तुमी शिकवा तिले." आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः शीतलला घेऊन आली, आणि निवाऱ्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी दोघी होत्या. त्या येऊन काही बोलत नसत, नुसत्या शाळेच्या फाटकाकडे तोंड करून बसत. हळूहळू रांग भरली.

तोंडी परीक्षा आली. बोरसे सरांनी पोरांना एकेक करून पडद्यासमोर बोलावलं. शेजारी खुर्ची टाकून आबासाहेब बसलेले. पोरं उभी राहायची, त्यांच्याकडे बघायची आणि ओठ शिवल्यासारखी गप्प. शीतलसुद्धा गप्प. आबासाहेब म्हणाले, "पाहा, हे तुमच्या झांबरे मॅडमचं शिक्षण," आणि कामाला निघून गेले.

बोरसे सर संध्याकाळी बसस्टॉपवर आले. तेही त्याच गाडीनं जायचे, रोज कोपऱ्यात उभे राहून सगळं ऐकायचे. घाम पुसत म्हणाले, "मॅडम, ह्या पोरायले येते. मी रोज आयकतो. मी कोऱ्या तोंडाचे मार्क कसे देऊ? तोंडी परीक्षा विषयशिक्षकानं घ्यावी, एवढंच मले सांगतलं हाय. कुठं घ्यावी थे कोणी सांगतलं नाही. मी उद्या इथं घेतो."

"नोकरी पक्की व्हायची हाय तुमची," मॅडम म्हणाल्या.

"हाव. म्हणूनच आज विचारून राह्यलो. उद्या हिंमत राहीन का नाही, सांगता येत नाही."

मॅडमनी त्यांच्यासाठी चहा सांगितला. म्हणाल्या, "मी पाठ करून बसन. एक शब्द सांगणार नाही. कोणी म्हणाले नोको का मी पोरायकडून वदवून घेतलं."

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या परीक्षेनंतर मॅडमना सक्तीच्या रजेवर पाठवलं, आणि रजेतच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ ठरला होता, शाल-नारळ आणून ठेवला होता. मॅडमनी निरोप पाठवला, की शाल उन्हाळ्यात कायले, आणि आल्या नाहीत. बोरसे सरांची बरीच खरडपट्टी निघाली, पण दिलेले मार्क त्यांनी बदलले नाहीत. ते अजून आमच्याकडेच आहेत, आणि आता तितके लाजत नाहीत. दहावीचा इंग्रजीचा निकाल किती लागला, ते मी लिहिणार नाही. त्यासाठी मॅडम बसस्टॉपवर उभ्या राहिल्या नव्हत्या. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पोरं दर रविवारी नांदुऱ्याला त्यांच्या घरी जायची. मला मात्र त्या पुन्हा भेटल्या नाहीत. फोनवर बोलतो, "काय शुद्धलेखन?" ऐकतो. पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या तोंडी परीक्षेच्या दिवशी, तेच शेवटचं.

निवाऱ्याच्या एका टोकाला बोरसे सर खुर्ची टाकून बसलेले. समोर पोरं. मागे आया, टपरीवाला, चार-दोन उतारू. दुसऱ्या टोकाला मॅडम, पोरांकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. मी त्यांच्या शेजारीच होतो, शिट्टी त्यांनी माझ्या हातात देऊन ठेवली होती. एकेक पोरगं उठत होतं आणि बोलत होतं. अडखळत, थांबत, शब्द शोधत, पण बोलत होतं. कोणाचंही वाक्य संपलं की मॅडमची मान किंचित हलायची. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसलं तर लोकांना दिसेल म्हणून त्या पुसत नव्हत्या.

शीतल उठली. बोरसे सरांनी तिला इंग्रजीत विचारलं, दहावीनंतर तू काय करणार? तिनं बोलायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात आबासाहेबांची गाडी येऊन बरोबर निवाऱ्यासमोर थांबली. काचा काळ्या, वर केलेल्या. कोणी उतरलं नाही. गाडी नुसती घुरघुरत उभी राहिली. शीतलचा आवाज खाली आला, आणखी खाली आला, आणि थांबला. मागे बसलेल्या बायकाही अंग चोरून घ्यायला लागल्या. बोरसे सरांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

मॅडमनी शब्द दिला होता, की काही सांगणार नाही. त्यांनी मान वळवली नाही. गाडीकडे बघतच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोठ्यानं बोल वं शीतल. साहेबायच्या काचा वर हायेत."

शीतलनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काच खाली आली नाही. पोरगी त्या काचेकडे बघून बोलत होती, आणि बोलायची थांबली नाही.